दुबार मजकूर (शोधयंत्रे)

दुबार मजकूर किंवा डुप्लिकेट कंटेंट ही शोधयंत्रांच्या संदर्भात वापरली जाणारी संज्ञा आहे. एकच अथवा जवळजवळ सारखाच मजकूर एकाहून अधिक यूआरएलवर, म्हणजे महाजालावरील पत्त्यांवर, उपलब्ध असणे असा तिचा अर्थ होतो. ब्लॉग, वृत्तसंकेतस्थळे आणि ऑनलाइन दुकाने यांवर असा मजकूर बहुधा लेखकाच्या कृतीमुळे नव्हे, तर संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रचनेमुळे तयार होतो. वाचकाला ही सर्व पाने एकच वाटतात. शोधयंत्राच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वेगळा पत्ता हे सुरुवातीला वेगळे पान असते. शोधयंत्र अशा पानांचा एक गट मानते आणि त्यातील एकच पान सहसा शोधनिकालांत दाखवते. या निवडलेल्या पानाच्या पत्त्याला प्रमाण पत्ता किंवा कॅनॉनिकल यूआरएल म्हणतात. संकेतस्थळाच्या मालकाने प्रमाण पत्ता स्पष्ट केला नाही, तर ही निवड शोधयंत्र स्वतः करते. त्यामुळे दुबार मजकुराची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः प्रमाण पत्ता ठरवणे आणि तो सर्व ठिकाणी सुसंगतपणे नोंदवणे होय.

व्याप्ती

दुबार मजकुराचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात. एकाच संकेतस्थळाच्या अनेक पत्त्यांवर तोच मजकूर दिसत असल्यास त्याला अंतर्गत दुबार मजकूर म्हणतात. तोच मजकूर निरनिराळ्या संकेतस्थळांवर असल्यास तो बाह्य दुबार मजकूर ठरतो. दुसऱ्या प्रकारात परवानगीने केलेले पुनःप्रकाशन आणि विनापरवानगी केलेली नक्कल या दोहोंचा समावेश होतो. दोन्ही प्रकारांत मजकूर तंतोतंत सारखा असावा लागत नाही. शीर्षपट्टी, जाहिराती किंवा दिनांक एवढाच फरक असलेली पाने निकट-दुबार मानली जातात.

एखादे अवतरण किंवा व्याख्या अनेक लेखांत आढळणे म्हणजे दुबार मजकूर नव्हे. त्याचप्रमाणे एका लेखाचे दुसऱ्या भाषेतील भाषांतरही दुबार धरले जात नाही. मराठी लेख आणि त्याचा हिंदी अनुवाद ही शोधयंत्राच्या दृष्टीने दोन स्वतंत्र पाने असतात. अशा पानांचा परस्परसंबंध सांगण्यासाठी एचरेफलँग हे गुणविशेषण वापरतात. त्यात मराठीसाठी ‘एमआर’ हा संकेत आहे. मात्र पानाची केवळ शीर्षपट्टी आणि मेन्यू भाषांतरित करून मूळ मजकूर तसाच ठेवल्यास ती पाने दुबार ठरू शकतात.

कारणे

पत्त्यातील तांत्रिक फरक

संकेतस्थळ एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही पद्धतींनी उघडत असेल, पत्त्याच्या आरंभी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असताना आणि नसतानाही चालत असेल, आणि पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली काय किंवा न दिली काय, तेच पान मिळत असेल, तर एका लेखाचे दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे ८ पत्ते होतात. रोमन लिपीतील पत्त्यांच्या बाबतीत लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने आणखी भर पडू शकते, कारण अनेक सर्व्हर असे पत्ते वेगळे मानतात.

प्रश्नचिन्हानंतर जोडले जाणारे घटक, म्हणजे पॅरामीटर, हे दुसरे मोठे कारण आहे. वाचक कोणत्या जाहिरातीतून किंवा वृत्तपत्रिकेतून आला याची नोंद ठेवणारे यूटीएम घटक, वाचकाच्या भेटीचा क्रमांक, यादी किंमतीनुसार किंवा दिनांकानुसार लावण्याची सूचना यांमुळे मजकूर न बदलता पत्ता बदलतो. पानाच्या एखाद्या भागाकडे नेणारे हॅश चिन्ह आणि त्यानंतरचा मजकूर यांमुळे मात्र साधारणपणे दुबार पान होत नाही, कारण गूगल पत्त्याचा हा भाग सहसा विचारात घेत नाही.

ब्लॉगची रचना

ब्लॉगवर एक लेख प्रकाशित झाला की तो स्वतःच्या पानाखेरीज मुखपृष्ठावर, वर्गाच्या पानावर, प्रत्येक टॅगच्या पानावर, महिन्याच्या संग्रहात आणि लेखकाच्या पानावरही दिसू शकतो. या ठिकाणी लेखाचा सारांशच दिला असेल तर अडचण येत नाही. संपूर्ण लेख दाखवला जात असेल तर त्याच्या अनेक प्रती तयार होतात. एकाच लेखकाच्या ब्लॉगवर लेखकाचे पान आणि मुखपृष्ठ यांत जवळजवळ फरक राहत नाही. केवळ एकाच लेखाला दिलेल्या टॅगचे पान म्हणजे व्यवहारात त्या लेखाचीच दुसरी प्रत असते.

वर्डप्रेसमध्ये लेखात जोडलेल्या प्रत्येक चित्रासाठी स्वतंत्र संलग्न पान तयार होत असे. अशा पानांवर चित्राखेरीज फारसा मजकूर नसतो. नोव्हेंबर २०२३ मधील ६.४ या आवृत्तीपासून नव्या संकेतस्थळांसाठी ही पाने आपोआप बंद ठेवली जातात. जुन्या संकेतस्थळांवर मात्र ती आढळू शकतात. गूगलच्या ब्लॉगर सेवेत भ्रमणध्वनीवर पान उघडल्यास पत्त्याच्या शेवटी ‘एम=१’ हा घटक जोडला जातो आणि वाचक तोच पत्ता इतरांना पाठवतात. याच सेवेने २०१२ मध्ये वाचकाच्या देशानुसार पत्त्याचा शेवट बदलण्यास सुरुवात केली होती. त्यामुळे भारतातील वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इन असा पत्ता दिसे. या प्रतींमुळे गोंधळ होऊ नये म्हणून प्रमाण दुवा डॉट कॉम पत्त्याकडे दिलेला असे. पुढे ही पद्धत बंद करण्यात आली.

देवनागरी पत्ते आणि टॅग

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत लिपीच्या संगणकीय नोंदीमुळे काही वेगळी कारणे उद्भवतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हासाठी ३ बाइट लागतात आणि पत्त्यात त्यांतील प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. त्यामुळे ‘मुंबई’ या शब्दातील ५ चिन्हांचा पत्त्यात ४५ चिन्हांचा मजकूर होतो. षोडशमान अंकांतील रोमन अक्षरे लहान लिहिली किंवा मोठी लिहिली तरी २००५ मधील आरएफसी ३९८६ या मानकानुसार अर्थ एकच असतो; परंतु सर्व सॉफ्टवेअर हा नियम सारख्याच काटेकोरपणे पाळत नाहीत.

एकसारखा दिसणारा मराठी शब्द दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिला जाण्याची शक्यता अधिक महत्त्वाची आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी हा स्वर ‘अ’ आणि अर्धचंद्र जोडून लिहिला जात असे आणि काही कळफलकांतून तो आजही तसाच उमटतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र देखील ‘ऱ’ व हलन्त अशा क्रमाने किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने लिहिता येतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने या जोड्या एकरूप होत नाहीत. परिणामी ‘ॲप’ हा एकच टॅग दोन पद्धतींनी टंकित केल्यास त्याची दोन पाने तयार होतात. पडद्यावर ती सारखीच दिसत असल्याने संपादकाच्या नजरेतून सुटतात.

भारतात २०१४ पासून .भारत हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध आहे. एखाद्या संस्थेने आपले संकेतस्थळ .भारत आणि .इन अशा दोन्ही नावांनी चालवले व एकावरून दुसरीकडे पुनर्निर्देशन केले नाही, तर संपूर्ण संकेतस्थळच दुबार होते.

ओळखण्याच्या पद्धती

तंतोतंत सारखी पाने ओळखणे तुलनेने सोपे असते. पानाच्या मजकुरावरून एक संक्षिप्त अंकीय ठसा काढला जातो आणि ठसे जुळल्यास पाने सारखी मानली जातात. एका अक्षराच्या फरकानेही असा साधा ठसा बदलत असल्यामुळे निकट-दुबार पानांसाठी वेगळ्या पद्धती शोधाव्या लागल्या.

आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शिंगल पद्धत मांडली. त्यांनी अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने गोळा केलेल्या सुमारे ३ कोटी दस्तऐवजांवर तिचा प्रयोग केला. या पद्धतीत मजकुराचे लागोपाठच्या ठरावीक शब्दांचे, एकमेकांवर चढणारे तुकडे केले जातात. ‘आज पुण्यात जोराचा पाऊस झाला’ या वाक्याचे तीन शब्दांचे तुकडे ‘आज पुण्यात जोराचा’, ‘पुण्यात जोराचा पाऊस’ आणि ‘जोराचा पाऊस झाला’ असे होतात. ‘पुण्यात’ऐवजी ‘नाशकात’ असे लिहिल्यास दोन्ही वाक्यांत मिळून ५ निरनिराळे तुकडे होतात. त्यांपैकी १ समान असतो, म्हणून साम्य २० टक्के येते. मोठ्या लेखात मात्र एक शब्द बदलल्याने जास्तीत जास्त तीनच तुकडे बदलतात आणि साम्य जवळजवळ पूर्ण राहते. त्यामुळे गावाचे नाव बदलून तयार केलेली शेकडो पाने या पद्धतीने सहज पकडली जातात.

मोझेस चारिकर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या तंत्रावर आधारित सिमहॅश या पद्धतीत सारख्या मजकुरांचे ठसेही एकमेकांजवळ राहतात. गूगलच्या गुरमीत सिंग मंकू, अरविंद जैन आणि अनीश दास सर्मा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ८०० कोटी पानांच्या संग्रहासाठी ६४ बिटांचे ठसे पुरेसे ठरतात, आणि ३ किंवा त्याहून कमी बिटांचा फरक असलेली पाने निकट-दुबार मानता येतात, असे दाखवले होते.

परिणाम

दुबार मजकुरासाठी शोधयंत्र संकेतस्थळाला दंड करते, असा व्यापक समज आहे. गूगलने २००८ मध्ये आपल्या अधिकृत ब्लॉगवरून याचे निराकरण केले. एकाच संकेतस्थळावरील साध्या दुबार पानांसाठी दंड केला जात नाही. निकालांत फेरफार करण्याच्या किंवा वाचकांची दिशाभूल करण्याच्या हेतूने मोठ्या प्रमाणावर नक्कल केल्यास मात्र कारवाई होऊ शकते, असे त्यात सांगितले होते. गूगलचे तत्कालीन अभियंते मॅट कट्स यांनी २०१३ मध्ये महाजालावरील सुमारे २५ ते ३० टक्के मजकूर दुबार असल्याचे नमूद केले होते. एवढ्या मोठ्या भागाला दंड करणे व्यवहार्यही नसते.

दंड नसला तरी तोटा होतोच. पहिला तोटा पानाच्या निवडीचा. लेखकाला हवा असलेला पत्ता बाजूला पडून घटक जोडलेला लांबलचक पत्ता, छपाईसाठीचे पान किंवा लेख पुनःप्रकाशित करणारे दुसरे संकेतस्थळ निकालांत दिसू शकते. शेवटच्या परिस्थितीत मूळ लेखकाचे श्रेय आणि वाचक दोन्ही दुसरीकडे जातात. दुसरा तोटा दुव्यांच्या विभागणीचा. इतरांनी दिलेले दुवे अनेक पत्त्यांत वाटले गेले आणि शोधयंत्राला ते पत्ते एकाच गटातले आहेत हे कळले नाही, तर कोणत्याही एका पानाला त्यांचा पूर्ण लाभ मिळत नाही. तिसरा तोटा क्रॉलरच्या भेटींचा. शोधयंत्राचा क्रॉलर एका संकेतस्थळावर मर्यादित वेळ घालवतो आणि त्या भेटी दुबार पानांवर खर्च झाल्यास नवे लेख उशिरा नोंदले जातात. हा परिणाम प्रामुख्याने हजारो पानांच्या संकेतस्थळांवर जाणवतो. काही शेकडो लेखांच्या ब्लॉगवर तो सहसा नगण्य असतो.

उपाय

कायमचे पुनर्निर्देशन

नको असलेला पत्ता वाचकांसाठीही अनावश्यक असेल, तर त्यावरून प्रमाण पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन करणे हा सर्वांत स्पष्ट उपाय आहे. त्यासाठी सर्व्हर ३०१ किंवा ३०८ हा स्थितिसंकेत पाठवतो. ३०२ हा संकेत तात्पुरत्या बदलासाठी असल्याने तो येथे योग्य नसतो. एचटीटीपी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि शेवटची तिरकी रेघ यांतून निर्माण होणारे पत्ते याच उपायाने मिटवले जातात. एका पुनर्निर्देशनावरून दुसऱ्याकडे अशी साखळी न करता प्रत्येक जुना पत्ता थेट अंतिम पत्त्याकडे न्यावा लागतो. संकेतस्थळाचे नाव किंवा पत्ते बदलल्यास हे पुनर्निर्देशन शक्य तितका काळ, निदान १ वर्ष, चालू ठेवण्याची शिफारस गूगल करते.

प्रमाण दुवा

दुबार पत्ता वाचकांसाठी चालू ठेवणे आवश्यक असेल, तेव्हा पानाच्या शीर्षविभागात प्रमाण दुवा दिला जातो. हा दुवा वाचकाला दिसत नाही. ‘या पानाचा प्रमाण पत्ता अमुक आहे’ असे तो शोधयंत्राला सांगतो. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १२ फेब्रुवारी २००९ रोजी या दुव्याला पाठिंबा जाहीर केला. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९६ द्वारे त्याची व्याख्या प्रसिद्ध झाली. पीडीएफसारख्या धारिकांना शीर्षविभाग नसतो. त्यांच्यासाठी हीच माहिती सर्व्हरच्या एचटीटीपी शीर्षातून देता येते.

प्रमाण पानावर स्वतःकडेच निर्देश करणारा प्रमाण दुवा ठेवणे उपयुक्त असते, कारण त्यामुळे यूटीएमसारखे घटक जोडून आलेले सर्व पत्ते आपोआप मूळ पत्त्याकडे निर्देश करतात. वर्डप्रेसमध्ये २.९ या आवृत्तीपासून स्वतंत्र लेखांवर आणि पानांवर हा दुवा आपोआप येतो. वर्ग आणि टॅग यांच्या पानांसाठी मात्र वेगळी व्यवस्था करावी लागते.

नोंदसूचीतून वगळणे

छपाईची पाने किंवा एका लेखाचे टॅग यांसारखी पाने निकालांत नकोच असतील, तर त्यांवर नोइंडेक्स ही सूचना दिली जाते. अशी पाने वाचकांना उघडता येतात, परंतु शोधयंत्राच्या सूचीत राहत नाहीत. ही सूचना केवळ पान वगळते. त्याच्याकडे आलेल्या दुव्यांचे श्रेय दुसऱ्या पानाकडे वळवत नाही. म्हणून एकाच संकेतस्थळावरील दुबार पानांपैकी प्रमाण पान ठरवण्यासाठी पुनर्निर्देशन किंवा प्रमाण दुवा यांनाच प्राधान्य दिले जाते.

पूरक उपाय

साइटमॅपमध्ये फक्त प्रमाण पत्त्यांचा समावेश करणे आणि संकेतस्थळातील सर्व अंतर्गत दुवे प्रमाण पत्त्याकडेच देणे हे पूरक उपाय आहेत. पुनर्निर्देशन व प्रमाण दुवा यांना गूगल प्रबळ संकेत मानते, तर साइटमॅपमधील समावेशाला दुय्यम. एकाच पानाच्या एचटीटीपी आणि एचटीटीपीएस प्रती असल्यास, विरोधी संकेत नसताना, एचटीटीपीएस प्रत निवडण्याकडे गूगलचा कल असतो. संग्रह व वर्गांच्या पानांवर संपूर्ण लेखांऐवजी सारांश देणे, एकसारखे दिसणारे टॅग एकत्र करणे आणि एकाच विषयावरील दोन त्रोटक लेख एकात विलीन करणे हे संपादकीय उपायही परिणामकारक ठरतात.

दुरुस्तीचा क्रम

संकेतस्थळावरील दुबार पानांची दुरुस्ती साधारणतः पुढील क्रमाने केली जाते.

१. पद्धत, क्षेत्रनाम आणि शेवटची तिरकी रेघ यांचा एकच प्रमाण नमुना ठरवणे.
२. त्या नमुन्यात न बसणाऱ्या पत्त्यांवरून एकाच टप्प्यात कायमचे पुनर्निर्देशन करणे.
३. प्रत्येक लेखावर संपूर्ण पत्ता असलेला एकच प्रमाण दुवा असल्याची खात्री करणे.
४. टॅग, संग्रह आणि संलग्न पानांपैकी वाचकांना उपयोगी नसलेली पाने काढणे, विलीन करणे किंवा नोंदसूचीतून वगळणे.
५. अंतर्गत दुवे आणि साइटमॅप नव्या नमुन्यानुसार दुरुस्त करणे.
६. गूगल सर्च कन्सोलमधील पत्ता-तपासणी साधनात मालकाने घोषित केलेला आणि गूगलने निवडलेला असे दोन्ही प्रमाण पत्ते पाहून ते जुळतात का हे तपासणे.

शेवटच्या टप्प्यात दोन पत्ते भिन्न आढळल्यास आधीच्या टप्प्यांतील संकेत परस्परविरोधी असण्याची शक्यता असते. पानांची पुन्हा तपासणी क्रॉलरच्या गतीने होत असल्यामुळे बदल दिसण्यास काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात.

नेहमीच्या चुका

रोबॉट्स डॉट टीएक्सटी या धारिकेतून दुबार पाने क्रॉलरसाठी बंद करणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. क्रॉलरला पान वाचताच आले नाही, तर त्यावरील प्रमाण दुवा किंवा नोइंडेक्स सूचनाही वाचता येत नाही. इतर ठिकाणी दुवे असल्यास अशा पानाचा पत्ता मजकुराविना सूचीत येऊ शकतो.

अनेक पानांत विभागलेल्या यादीच्या दुसऱ्या व पुढील पानांवरून पहिल्या पानाकडे प्रमाण दुवा देणे हीदेखील चूक आहे, कारण त्या पानांवरील मजकूर वेगळा असतो आणि तो दुर्लक्षिला जाण्याचा धोका राहतो. सर्व लेखांचा प्रमाण दुवा मुखपृष्ठाकडे जाणे, एका पानावर दोन प्रमाण दुवे असणे आणि प्रमाण दुवा पुनर्निर्देशित किंवा अस्तित्वात नसलेल्या पत्त्याकडे जाणे या चुका साचा बदलताना किंवा एकाहून अधिक प्लगइन वापरल्याने होतात. प्रमाण दुवा ही आज्ञा नसून शिफारस असते. त्यामुळे असे सदोष दुवे आढळल्यास शोधयंत्र ते बाजूला ठेवून स्वतः निर्णय घेते.

पुनःप्रकाशन आणि नक्कल

लेख दुसऱ्या संकेतस्थळावर परवानगीने पुनःप्रकाशित होत असेल, तर तेथून मूळ लेखाकडे प्रमाण दुवा देण्याची प्रथा होती. डिसेंबर २००९ पासून गूगल भिन्न क्षेत्रनामांतील प्रमाण दुवेही विचारात घेते. तथापि पुनःप्रकाशित पानांची मांडणी आणि भोवतीचा मजकूर बराच वेगळा असल्याने हा उपाय नेहमी लागू पडत नाही. म्हणून २०२३ पासून गूगलने अशा प्रती नोंदसूचीतून वगळण्याची अट भागीदारांशी ठरवावी, अशी शिफारस केली आहे. विनापरवानगी केलेल्या नकलेवर तांत्रिक उपाय पुरेसा नसतो, कारण नक्कल करणाऱ्याचे पान मूळ लेखकाच्या नियंत्रणात नसते. अशा वेळी भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये हक्क सांगता येतो. अमेरिकेतील १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार शोधयंत्राकडे तक्रार करून नक्कल केलेले पान निकालांतून काढण्याची विनंतीही करता येते.

बदलत गेलेली साधने

वर्डप्रेसने सप्टेंबर २००७ मधील २.३ या आवृत्तीत पर्यायी पत्त्यांवरून प्रमाण पत्त्याकडे आपोआप पुनर्निर्देशन करण्याची सोय दिली. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आणलेल्या पांडा या बदलानंतर कमी मूल्याच्या आणि इतरत्रून उचललेल्या मजकुराची निकालांतील स्थिती घसरली, त्यामुळे या विषयाकडे संकेतस्थळ-चालकांचे लक्ष अधिक वेधले गेले.

पुढील काळात गूगलने स्वतःची काही साधने मागे घेतली. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह किंवा त्याविना पत्ता निवडण्याची सोय २०१९ मध्ये आणि पत्त्यातील घटक कसे हाताळावेत हे सांगणारे साधन २०२२ मध्ये बंद झाले. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतील अनेक सूचना आज लागू पडत नाहीत आणि हे निर्णय आता संकेतस्थळावरच पुनर्निर्देशन, प्रमाण दुवा व अंतर्गत दुवे यांद्वारे नोंदवावे लागतात.

हे सुद्धा पहा

शोधयंत्र
वेब क्रॉलर
पुनर्निर्देशन
युनिकोड
प्रताधिकार